छातीत होतंय

मला हृदयविकार कधीच नव्हता. तरीही सत्तरच्या दशकातली माझी ऐन उमेदीची वर्षं मी हृदयाची पेशंट म्हणून काढली. नवी पेठेतल्या आमच्या ओळखीच्या निम्म्या घरांना हे ठाऊक होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना माझ्या सासूबाईंनी जातीनं सांगितलं होतं.

हल्ली माझी नात 'मला अँग्झायटी होतेय' असं चहा मागावा इतक्या सहज म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थट्टेनं म्हणाले, "आमच्या वेळी असले लाड नव्हते बाई." मग भाजी निवडायच्या निमित्तानं खाली मान घालून बसले, कारण डोळे भरून आले होते. आमच्या वेळीही ते होतंच की. त्याला नाव तेवढं चुकीचं मिळालं, आणि त्या चुकीच्या नावापायी मी माझ्या आईच्या शेवटच्या भेटीला मुकले. ते कसं झालं तेच सांगायला बसले आहे.

माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखाला लागून असलेलं खेडं. घरात कानडी, शाळा मराठी, तीही सातवीपर्यंत. लग्न होऊन सोलापूरला आले ती कापडाच्या दुकानावर. खाली दुकान, वर आम्ही, आणि मधे इतका उभा जिना की उतरताना भिंतीला हात लावावा लागे. आम्ही लिंगायत, त्यामुळे सासरच्या बायकाही घरात कानडीच बोलत. पुरुष गिऱ्हाइकाशी मराठी बोलत आणि चादरी विणणाऱ्या पद्मशाली लोकांशी तेलुगू. आमचे हे आणि माझे धाकटे दीर दोघेही असं तेलुगू बोलत, की विणकरांच्या म्हाताऱ्यांनी त्यांना आपल्यातलेच समजून सोयरीक विचारावी.

सासूबाईंना मी अत्ती म्हणायची. कानडीत सासूला तसंच म्हणतात. अत्ती अंगानं थोराड, आवाज त्याहून मोठा. भाकरी थापायला बसल्या की खाली दुकानात गिऱ्हाईक वर बघे. पण मला त्या कधी टाकून बोलल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात वाईट कुणीच नव्हतं. कुणी वाईट असतं तर निदान भांडून मोकळी झाले असते.

सुरुवात माझ्या थोरल्या मुलीच्या तापानं झाली. ती नुकती चालायला लागली होती आणि तापात तिला झटके आले. डोळे पांढरे, अंग ताठ. मुलगी चार दिवसांत खडखडीत बरी झाली, मी मात्र झाले नाही. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून बसायची. तिच्या कपाळाला इतक्या वेळा हात लावायची की पोर माझा हात झटकून टाके. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मला त्या वर्षी पुरतं कळलं.

पुढच्या संक्रांतीला आम्ही गड्ड्याच्या जत्रेला गेलो. मुलगी कडेवर, पुढं आमचे हे, मागं अत्ती आणि जाऊबाई. पाळण्यांपाशी गर्दी दाटली आणि एकाएकी माझ्या छातीत ढोल वाजायला लागला. तोंडाला कोरड पडली, बोटं बधिर झाली, माणसांचे आवाज विहिरीतून आल्यासारखे लांबून यायला लागले. मला वाटलं, मी आता मरतेय आणि मुलगी लोकांच्या पायांत पडतेय. मी ह्यांचा सदरा मागून इतका जोरात धरला की शिवण उसवली. कुणीतरी बाकावर बसवलं, पाणी पाजलं, आणि थोड्या वेळानं सगळं जसं आलं तसं ओसरलं. घरी आले ते एकच विचार डोक्यात घेऊन. पुन्हा असं झालं तर?

आणि मग ते पुन्हा झालं. बांगड्यांच्या दुकानात झालं, टांग्यात झालं, एकदा भर लग्नाच्या पंगतीत झालं. मग जिथं झालं तिथं मी जाईनाशी झाले. एके दिवशी अत्ती बाजाराला निघाल्या आणि मला चल म्हणाल्या, तेव्हा मी कानडीत म्हणाले, "होरग होगाक एदी इल्ल, अत्ती." कानडीत एदी म्हणजे छाती, आणि एदी म्हणजे हिंमतही. मराठीतही काही वेगळं नाही. बाहेर पडायची छाती होत नाही, असं आपण म्हणतोच की. मला तेवढंच म्हणायचं होतं.

अत्तींनी बाजाराची पिशवी खाली ठेवली आणि मला थेट डॉक्टरांकडं नेलं. पेठेतले आमचे नेहमीचे डॉक्टर वयस्क होते, सज्जन होते, आणि त्यांना कानडीचं अक्षर येत नव्हतं. सासू शेजारी बसलेली असताना सुनेनं डॉक्टरांशी बोलायची पद्धत नव्हती. डॉक्टरही विचारत ते सासूलाच.

"काय होतंय सूनबाईंना?"

"भाईर जायाचं म्हनलं की हिला छातीत होतंय बघा, डॉक्टर," अत्ती म्हणाल्या. "लई धडधडतंय म्हनती."

छाती होत नाही, याचं छातीत होतंय झालं. ध चा मा झाला तो असा. मला मराठी चांगलं कळत होतं, पण त्यात काही चुकलंय असं माझ्या मनातही आलं नाही. छातीत होतच तर होतं. डॉक्टरांनी नळी लावली. परका पुरुष जवळ आलेला, सासू टक लावून बघतेय, नळी बर्फासारखी गार, अशा वेळी कुणाची छाती शांत राहील? ती उधळली. डॉक्टरांनी मान हलवली. हार्ट जरा नाजूक दिसतंय, म्हणाले. जिन्याची चढ-उतर नको, गर्दी नको, जड काम नको. चिठ्ठीवर बारक्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या. आम्ही उठलो तेव्हा चष्मा पुसत म्हणाले, "आणि आजी, धक्का बसेल अशी बातमी हिच्यापुढं एकदम काढत जाऊ नका."

बाकी सगळी पथ्यं अत्ती हळूहळू विसरल्या असत्या. हे शेवटचं मात्र त्या कधी विसरल्या नाहीत.

खोटं कशाला बोलू, पहिले काही महिने मला बरं वाटलं. त्या काळी हार्टचा आजार म्हणजे मोठ्या लोकांचा आजार. आमच्या पेठेत तो एका गिरणीच्या मोठ्या साहेबाला होता आणि मला. वेडाचा संशय कुणी घेतला नाही, भुताखेताचं कुणी काढलं नाही. अत्ती आल्यागेल्याला माझ्याकडं बोट दाखवून हळू आवाजात सांगत, म्हणजे रस्त्यापलीकडं ऐकू जाईल इतपत. पाणी भरणं जाऊबाईंकडं गेलं, दळण-कांडण अत्तींनी घेतलं. जाऊबाई टोमणा मारत, "आमची हार्टं बिडाची हायत, तापवा न्हायतर ठोका." त्यांना तरी दोष कसा देऊ? दोन माणसांचं काम त्या एकट्या ओढत होत्या.

पण जी भीती आधी बाजारात होती, ती आता घरात येऊन बसली. बाजार सोडला तशी ती पेठेच्या कोपऱ्यापर्यंत आली. पेठ सोडली तशी जिन्यापर्यंत. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही उगाच नाही. दिवसभर मी गळ्यापाशी दोन बोटं ठेवून नाडी ऐकत असायची. आजारी माणसाचं हृदय आहे म्हटल्यावर ऐकायलाच हवं की! आणि ऐकत बसलं की ते चुकतंच. एखादा ठोका मागं-पुढं झाला की घाम फुटे, घाम फुटला की ठोके वाढत, आणि वाढले की डॉक्टर बरोबर होते याची खात्री पटे. पाच-सहा वर्षांत मी खालच्या दुकानातसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा उतरले असेन. गॅलरीतून पेठ बघायची, तीही दाराची चौकट धरून.

त्यात भर पडली तेलुगूची. धक्का बसेल अशी बातमी माझ्यापुढं काढायची नाही, पण घरात बातम्या तर असणारच. कुणाचा अपघात, कुणाची बायको अडली, कुठला विणकर बुडाला. सुरुवातीला हे लोक माझ्यापुढं कानडीऐवजी मराठीत बोलत. पण शाळेमुळं मराठी मला कळतंच, म्हणून मग आमचे हे आणि दीर तेलुगूवर आले. जेवताना मधेच तेलुगू सुरू झालं की मी हातातला घास खाली ठेवी. काहीतरी झालंय एवढं कळे, काय झालंय ते कळत नसे. मग मी तोंडं वाचायला लागले. ह्यांची भुवई, दिरांचा पाण्याचा तांब्या, अत्तींनी मधेच बदललेला विषय. एक तेलुगू शब्द त्यांच्या बोलण्यात सारखा येई, तो मी पाठ केला आणि दुकानात चादरींचे गठ्ठे घेऊन येणाऱ्या एका विणकरणीला वर बोलावून विचारला. चेप्पोद्दु म्हणजे काय गं? ती हसली. "सांगायचं न्हाई," म्हणाली. मला वाटलं ती अर्थ सांगायला नाही म्हणतेय. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अवो तेच की. चेप्पोद्दु म्हंजे, सांगायचं न्हाई."

आता माझ्या आईविषयी. आम्ही तिला अव्वा म्हणायचो. अव्वा किडकिडीत, चपळ, आणि जन्माची काळजीखोर. आम्ही भावंडं शाळेतून यायला जरा उशीर झाला की ती गावाच्या वेशीपर्यंत येऊन उभी राही. वडील शेतावर जरा जास्त थांबले की तिच्या डोळ्यांपुढं साप, विहीर आणि वीज एकदमच उभी राहत. ती मरणाची बातमी येण्याआधीच रडून घेई, आणि माणूस धडधाकट परत आला की त्याच्यावरच चिडे. आम्ही पोरं तिची चेष्टा करायचो. मीही तोच वसा घेऊन आले आहे, हे तेव्हा कुणाला कळणार?

माझ्या आजाराचं कळल्यावर ती एस.टी.नं वरचेवर येई. दीड-दोन तासांचा रस्ता. येताना शेंगा, हुलगे, घरचं लोणी. माझ्या छातीवर तळवा ठेवून बसायची. मी माहेरी जाणं बंदच झालं होतं; एस.टी.ची गर्दी हार्टच्या पेशंटला कशी झेपणार? म्हणून तीच येत राहिली. मग एका उन्हाळ्यात ती आली नाही. पावसाळ्यात आली नाही. मी विचारलं की भाऊ म्हणे, गुडघे धरलेत. हेही म्हणत, गुडघे धरलेत. अत्ती म्हणत, वय झालं की गं.

खरं असं होतं की त्या उन्हाळ्यात अव्वाच्या अंगावरून वारं गेलं होतं. डावी बाजू गेली, जीभ जड झाली, ती अंथरुणाला खिळली. भाऊ सांगायला आला तेव्हा ह्यांनी त्याला खाली दुकानातच गाठलं आणि बजावलं. बहिणीला सांगितलंस आणि तिचं काही झालं तर? भावाला तरी काय सुचणार? एक बाई अंथरुणावर, दुसरी नाजूक हृदयाची. तो वर आला, चहा प्यायला, गुडघ्यांचं सांगितलं आणि गेला. अव्वा दिवाळीच्या सुमाराला गेली.

त्या आठवड्यात आमच्या घरात फार तेलुगू झालं. हे एक दिवस कुठंसं जाऊन आले, डोळे लाल होते, म्हणाले वाटेत धूळ फार. अत्तींनी माझ्या पानात स्वतःच्या हातानं वाढलं. दुसऱ्या एखाद्या घरात हे लपलं नसतं. चुलीवरून, देवावरून, कपाळावरून सुतक कळतंच. पण आमच्यात सुतक पाळत नाहीत. मरण म्हणजे विटाळ नव्हे, माणूस लिंगात मिळालं, अशी आमची शिकवण आहे, आणि मला ती लहानपणापासून आवडत आलेली आहे. तिचा असा उपयोग होईल असं ती घालून देणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. घरात पूजा रोजच्यासारखी झाली. पाडव्याला पुरण शिजलं. मी दोन पोळ्या खाल्ल्या, आणि अव्वासाठी दोन बांधून द्या, भाऊ आला की देईन, असंही म्हणाले. अत्ती उठून आत गेल्या.

त्यानंतर साधारण वर्षभरानं अत्ती स्वतः आजारी पडल्या. ताप हटेना. पेठेतले डॉक्टर लेकाकडं मुंबईला गेले होते, म्हणून दिरांनी एका नव्या डॉक्टरीणबाईंना घरी आणलं. बाई तरुण, विजापूरकडच्या, बोलायला फटकळ. अत्तींना तपासून झाल्यावर त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी, दोन बोटं गळ्याशी.

"एन आगतद निमग?" त्यांनी सरळ मलाच विचारलं. तुम्हाला काय होतं?

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. माझ्याविषयी सगळे विचारत, मला कुणीच नाही. मी कानडीत सांगायला लागले ते थांबेचना. मुलीचे झटके, गड्डा, टांगा, नाडी. शेवटी तेच म्हणाले, जे अत्तींना म्हणाले होते. बाहेर जायला एदी नाही. डॉक्टरीणबाईंनी ते बरोबर ऐकलं, कारण त्यांच्या आईनंही ते तसंच म्हटलं असतं. त्यांनी मला दवाखान्यात बोलावलं. मी जाऊ शकले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, मला जिन्यावरून स्वतः हाताला धरून उतरवलं आणि रिक्षात घालून नेलं. वाटेत मी डोळे मिटून शिवशिव म्हणत होते. यंत्राच्या तारा लावून कार्डिओग्राम काढला. कागदाची पट्टी बघून बाई म्हणाल्या, "तुमच्या हृदयात काही नाही. हे माझ्यापेक्षा दणकट आहे."

मी आनंदानं रडले असेन असं वाटतं ना? मला राग आला. म्हणजे मी इतकी वर्षं नाटक केलं?

"नाटक नव्हे," त्या म्हणाल्या. "आजार खरा आहे, पत्ता चुकला होता. ही अंजिकी आहे. भीती. चोर आला की कुत्रं भुंकतं ते चांगलंच. तुमचं वारा आला तरी भुंकतंय. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला शिकवायला पाहिजे." मग त्यांनी अव्वाचा स्वभाव विचारला. मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, काही घरांत दमा चालत येतो, काही घरांत ही. त्यावर मुलीच्या दुखण्याचा घाव बसला, आणि त्यावर आरामाची पथ्यं. "पहिल्या दोन गोष्टी कुणाच्या हातात नव्हत्या. आरामानं मात्र तुमचं वाटोळं केलं."

मला घरी आणून सोडल्यावर त्यांनी थोड्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या, त्या कमी करत नेणार असं आधीच सांगून. सावकाश श्वास सोडायला शिकवलं. घेण्यापेक्षा सोडणं महत्त्वाचं, म्हणाल्या. आणि खरं औषध हे, की जिथं भीती वाटते तिथं थोडं थोडं जायचं, आणि धडधड सुरू झाली की पळायचं नाही. ती वाढेल, शिगेला जाईल आणि उतरेल. उतरेपर्यंत तिथंच उभं राहायचं. "पळून आलात की तिला वाटतं, आपण भुंकलो म्हणून वाचलो." मग म्हणाल्या, "शेवटी कुठं जायचंय तुम्हाला? ठिकाण ठरवा."

"माहेरी," मी म्हणाले. "अव्वाकडं. एस.टी.नं."

हे आणि अत्ती तिथंच बसले होते. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "आणि आजपासून हिच्यापासून काही लपवायचं नाही. लपवण्यानं हा आजार पोसतो." दोघांनीही मान हलवली. आमचे हे लगेच बाईंची बॅग उचलून जिन्याकडं निघाले. मला वाटलं, बाईंचा दरारा वाटला असेल.

त्यांची अडचण आज मला कळते. लगेच सांगावं तर मी आत्ता कुठं उभी राहायला लागलेली. जरा घट्ट झाली की सांगू, असं त्यांनी ठरवलं असणार. आणि मी घट्ट होत होते ती अव्वाला भेटायला.

अत्तींचा ताप उतरल्यावर रोज सकाळची जेवणं उरकली की त्या आणि मी निघायचो. आधी निम्मा जिना, मग दुकान, मग फुटपाथ. पेठेच्या कोपऱ्यावर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा गिरणीचा भोंगा झाला आणि माझं काळीज तोंडाशी आलं. मी अत्तींचं मनगट धरलं आणि श्वास सोडत राहिले. धडधड वर गेली, थांबली, आणि खरोखर उतरली. मला हसू फुटलं. लहान पोराला सायकल यावी तसं झालं. "अत्ती, अव्वाला हे दाखवलं पाहिजे," मी म्हणाले. अत्ती नुसतं हं म्हणाल्या आणि दुसरीकडं बघायला लागल्या. त्यानंतर मी जसजशी लांब जायला लागले तसतशा त्या गप्प होत गेल्या. त्यांचा तो मोठा आवाज कुठं गेला, असं दुकानातली गिऱ्हाइकं विचारत. मी समजत होते की त्यांचा अजून माझ्या हृदयावर विश्वास बसत नाही.

उन्हाळ्यात मी एस.टी. स्टँडपर्यंत पोचले. चारदा नुसती जाऊन उभी राहून परत आले. मग एक दिवस ठरवलं, आज बसायचंच. अव्वासाठी इरकली घेतली होती, पिशवीत धपाटे होते. अत्ती बरोबर होत्या. गाडी लागली, लोक खिडक्यांतून पिशव्या टाकून जागा धरायला लागले, मी पुढं सरकले, आणि अत्तींनी माझा पदर मागून धरला. बाकावर बसल्या आणि मलाही बसवलं. माझ्याशी उभ्या जन्मात कानडीशिवाय न बोललेल्या त्या अत्ती मराठीत बोलल्या. कानडीत त्यांच्या तोंडून ते निघालं नसावं.

"तुजी अव्वा न्हाय गं आता. गेल्याच्या गेल्या दिवाळीत गेली. आमी तुला सांगितलं न्हाय."

माझं हृदय उधळलं. हात बधिर झाले, स्टँडवरचे आवाज लांब गेले. सवयीनं मी श्वास सोडत राहिले. धडधड वर गेली, शिगेला जाऊन थांबली, आणि उतरली. मी मेले नाही. बाकावर बसले होते तशीच होते, अत्ती रडत होत्या आणि कंडक्टर घंटी मारत होता. त्या क्षणी मला पहिल्यांदा पक्कं कळलं की माझ्या हृदयाला हे सोसतं. म्हणजे ते तेव्हाही सोसलं असतं. मी तिच्याजवळ बसले असते, तिला भरवलं असतं, तिची जड झालेली जीभ काय म्हणतेय ते ऐकलं असतं. इतका राग मला आयुष्यात कधी आला नाही, आणि तो काढायला समोर रडणाऱ्या म्हाताऱ्या बाईशिवाय कुणी नव्हतं.

मी गाडीत चढले. अत्तीही चढल्या. 

गावात भाऊ शेतावर गेला होता. वहिनी दारात होती. मला बघून तिच्या हातातलं सूप खाली पडलं. तिनं मला जवळ घेतलं, आत बसवलं, अव्वाचं अंथरूण कुठं होतं ते दाखवलं. मी विचारलं, माझी आठवण काढायची का? वहिनी पदरानं तोंड पुसत राहिली. मग कानडीत म्हणाली ते असं.

"आधी रोज विचारायची, लेक का येत न्हाय? आमी म्हनायचो, बरी हाय ती, पर तिच्या एदीला दगदग सोसत न्हाय. काही दिवस तिनं ऐकलं. मग ऐकंना झाली. म्हनायची, मी अशी पडलीया आन् ती येत न्हाय, हे व्हायचंच न्हाय. तुमी लपवताय. माजी लेक गेली, आन् मला सोसायचं न्हाय म्हनून सांगत न्हाय तुमी. तुज्या भावानं गळ्यातलं लिंग हातात घिऊन शपथ घेतली. तिनं मान हलवली. म्हनली, तुजं बी बरोबर हाय बाबा, तू तरी कसं सांगशील. आन् त्या दिवसापासनं तुज्या नावानं रडायला लागली."

ती शेवटपर्यंत रडली, असं वहिनी म्हणाली. मी तेव्हा दीड-दोन तासांच्या अंतरावर, पेठेतल्या वरच्या मजल्यावर, गादीला टेकून बसलेली होते. अव्वा गेली ती मी मेले असं समजून गेली.